संशयावरून रास्त भाव दुकान निलंबित करताना : पुरवठा निरीक्षक, दक्षता समिती आणि दुकानदार यांच्यासाठी

एखाद्या गावातल्या रास्त भाव दुकानाचे प्राधिकारपत्र, म्हणजे दुकान चालवण्याचा परवाना, निलंबित झाले की गावात लोक ‘दुकानदार सस्पेंड झाला’ असे म्हणतात, आणि सरकारी नोकराचे निलंबन व दुकानदाराचे निलंबन ही एकच गोष्ट आहे असा समज त्यातून रूढ होतो. वास्तविक दोहोंत मोठा फरक आहे. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि त्याचे टेबल दुसरा कोणी सांभाळतो. दुकानदाराला मिळणारे मार्जिन मात्र त्या दिवसापासून थांबते, आणि त्याच्या दुकानाला जोडलेल्या शे-चारशे कुटुंबांचे धान्य कुठून मिळणार हा प्रश्न त्याच सायंकाळी उभा राहतो. महाराष्ट्रात बावन्न हजारांच्या आसपास रास्त भाव दुकाने असून राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खाली सुमारे सात कोटी लोकांचे धान्य त्यांच्यामार्फत जाते. म्हणून निलंबनाचा आदेश काढणाऱ्याने तो दुकानदाराविरुद्ध जितका आहे तितकाच कार्डधारकांविषयीही आहे हे धरूनच लिहिला पाहिजे. पुरवठा शाखेत बरीच वर्षे दप्तर हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की अपिलात पडणारे बहुतेक आदेश दुकानदार निर्दोष होता म्हणून पडत नाहीत. संशय आणि सिद्धता यांतली सीमा कागदावर पुसली गेली म्हणून पडतात.

अधिकार कोणाचा, हे आधी पाहावे

या कारवाईची मुळे अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मध्ये आहेत. त्याच्या कलम ३ खाली काढलेला केंद्र सरकारचा लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था (नियंत्रण) आदेश, २०१५ आणि राज्याचा महाराष्ट्र अनुसूचित वस्तू (वितरणाचे विनियमन) आदेश, १९७५ हे दोन आदेश हाताशी नसताना मसुदा लिहायला बसू नये. जिल्ह्यात प्राधिकारपत्राविषयीचा निर्णय जिल्हा पुरवठा अधिकारी घेतात आणि मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात उपनियंत्रक, शिधावाटप हे घेतात. तहसीलदार व पुरवठा निरीक्षक अहवाल आणि प्रस्ताव पाठवतात. प्रस्ताव पाठवणाऱ्याने उत्साहाच्या भरात स्वतःच्या सहीने ‘दुकान बंद ठेवावे’ असे पत्र देऊ नये. अधिकार नसलेल्याने दिलेले पत्र योग्य कारणासाठी दिलेले असले तरी ते पत्रच दुकानदाराच्या वकिलाचा पहिला मुद्दा ठरते. आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात अधिकाराची तरतूद लिहावी, आणि अधिकार प्रत्यायोजित असेल तर त्या अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक लिहावा.

दक्षता समितीच्या सदस्यांनीही आपली मर्यादा ओळखावी. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम २९ ने राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चारही पातळ्यांवर समित्या नेमायला सांगितल्या आहेत, आणि तरतुदींचा भंग किंवा गैरव्यवहार दिसल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवणे हे त्यांचे काम आहे. दुकानाला कुलूप लावणे हे त्यांचे काम नाही. ग्रामसभेत हात वर करून झालेला ‘दुकान रद्द’ असा ठराव ही तक्रार म्हणून नोंदवता येते. त्याला आदेश मानता येत नाही.

संशय कशावर उभा आहे

हल्ली पहिला संशय बहुधा ई-पॉस यंत्राच्या, म्हणजे कार्डधारकाचा अंगठा घेऊन धान्यवाटप नोंदवणाऱ्या यंत्राच्या, नोंदींवरून येतो. एका मिनिटात बारा कार्डांचे व्यवहार, रात्री उशिरा लागलेले अंगठे, मयत सदस्याच्या नावावर उचल, किंवा महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत निम्मे वाटप, असे उतारे पाहिले की मन लगेच निष्कर्षाकडे धावते. तिथे थांबावे. अक्कलकुवा, धडगाव किंवा मेळघाटात ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की रेंज मिळते त्या टेकाडावर लोकांना एकत्र बोलावून एका दमात अंगठे घेतले जातात आणि धान्य नंतर दुकानात मोजून दिले जाते. ही पद्धत चुकीची आहे, परंतु ती म्हणजे अपहार नव्हे. उलट, अंगठा आज घेऊन धान्य ‘पुढच्या आठवड्यात’ देण्याची सवय हाच अपहाराचा नेहमीचा दरवाजा असतो, हेही तितकेच खरे आहे. ई-पॉसचा उतारा कुठे पाहायचे ते सांगतो. काय घडले हे ठरवण्यासाठी गोदाम, नोंदवही आणि कार्डधारक या तिघांकडे जावे लागते.

प्रत्यक्ष साठ्याची मोजणी हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून इथे घाई करू नये. दोन पंच घ्यावेत. ते दुकानदाराचे नातलग नसावेत, आणि त्याच्या विरोधी गटाचे कार्यकर्तेही नसावेत; दुसरी अट पाळणे लहान गावात अवघड असते, पण पाळावी. पोती मोजून पन्नासाने गुणू नये, प्रत्येक पोते काट्यावर घ्यावे. पन्नास किलो धान्याच्या नव्या तागाच्या पोत्याचे वजन सुमारे ५८० ग्रॅम असते. म्हणजे शंभर पोत्यांमागे ५८ किलो हे निव्वळ बारदानाचे वजन होते, आणि ते वजा केले की नाही हे पंचनाम्यात लिहिले नसेल तर अर्ध्या क्विंटलहून मोठा फरक संशयास्पद होऊन बसतो. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, हे पाहून तसे नोंदवावे. द्वारपोच वाहतुकीतून आलेले पण यंत्रावर अजून स्वीकृत न केलेले धान्य, मागील महिन्याची शिल्लक, आणि दुसऱ्या दुकानाच्या कार्डधारकांनी पोर्टेबिलिटीतून (कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याच्या सोयीतून) केलेली उचल, या तीन बाबींचा ताळमेळ त्याच दिवशी घालावा. तो घातला नाही तर दुकानदार खुलाशात नेमक्या याच तीन गोष्टी लिहील आणि त्या खोडून काढायला तुमच्याकडे काही उरणार नाही. तूट सापडते तशी वाढही सापडते. पुस्तकी साठ्यापेक्षा जास्त धान्य सापडणे म्हणजे अंगठे घेऊन धान्य दिलेले नाही अशी शंका येण्यास जागा असते, आणि कित्येक निरीक्षक केवळ तूट शोधत असल्याने ही बाब त्यांच्या नजरेतून सुटते.

मोबाइलवर चित्रीकरण करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. प्रकरण पुढे फौजदारी होईल की नाही हे त्या दिवशी माहीत नसते, त्यामुळे ते होईल असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. पंचनाम्याची प्रत दुकानदाराला तिथेच द्यावी आणि पोच घ्यावी. त्याने सही नाकारली तर ‘सही करण्यास नकार दिला’ असे पंचांसमक्ष लिहावे. सहीसाठी हुज्जत घालत बसू नये.

कार्डधारकांचे जबाब घेताना एकच मजकूर टंकून त्यावर वीस अंगठे घेण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि ती पूर्णपणे निरुपयोगी आहे. ‘आम्हाला धान्य कमी मिळते’ हे वाक्य वीस वेळा लिहिल्याने पुरावा वीसपट होत नाही. प्रत्येकाला कोणत्या महिन्यात, किती माणसांचे कार्ड असताना, किती किलो गहू व तांदूळ मिळाला आणि पावती मिळाली का, हे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. अंत्योदय कार्डाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला प्रतिव्यक्ती ५ किलो हे परिमाण कार्डधारकाला ठाऊक नसेल तर ते आधी सांगून टाकू नये. त्याने मिळालेला आकडा स्वतःहून सांगितला तरच त्याला वजन येते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे कोणी ‘प्रत्येक कार्डामागे वीस रुपये द्यावे लागतात’ असे म्हणत असेल तर ते कशाचे म्हणून घेतले जातात हेही विचारावे. तक्रार करणारे, समाधानी असणारे आणि ज्यांच्या नावावर संशयास्पद उचल आहे असे, या तिन्ही प्रकारच्या लोकांकडे जावे. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असताना आलेल्या तक्रारी फेकून देऊ नयेत, पण त्यांतली नावे आणि पॅनेलची नावे एकदा शेजारी ठेवून वाचावीत.

निलंबन करायचे की नाही

साठा फलक नाही, दुकान वेळेवर उघडत नाही, नोंदवही आठवडाभर मागे आहे, अशा दोषांसाठी समज देणे किंवा अनामत रकमेतून दंड वसूल करणे पुरेसे असते. निलंबनाकडे वळण्यापूर्वी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. आरोप खरा ठरला तर तो प्राधिकारपत्र रद्द करण्याइतका गंभीर आहे काय? आणि चौकशी चालू असताना दुकान त्याच्याच ताब्यात राहिले तर धान्य, दप्तर किंवा साक्षीदार यांना धोका आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर निलंबनाचा विचार सोडावा. पहिल्याचे ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, म्हणजे जुन्या वर्षीच्या उचलीचा आरोप आहे, कागद आपल्या ताब्यात आले आहेत आणि सध्याचे वाटप सुरळीत आहे, तर दुकान चालू ठेवून कारणे दाखवा नोटीस देणे अधिक योग्य. ‘वरून फोन आला’ हे कारण कोणत्याही तरतुदीत बसत नाही, हे लिहिण्याची वास्तविक गरज पडू नये.

आधी नोटीस की आधी आदेश

सर्वसाधारण नियम आधी ऐकून घेण्याचा आहे. सात दिवसांची नोटीस देऊन खुलासा मागवावा आणि नोटिशीत कोणती कारवाई योजिली आहे हे स्पष्ट लिहावे. कंत्राटदारांना काळ्या यादीत टाकण्याविषयीच्या गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, नोटिशीत नुसते आरोप लिहून भागत नाही, काळ्या यादीत टाकण्याची कारवाई योजिली आहे हेही त्यातून कळले पाहिजे, असे म्हटले. ते प्रकरण रेशनचे नसले तरी तत्त्व इथेही लागू पडते. ‘आपणावर योग्य ती कारवाई का करू नये’ हे आपल्या कार्यालयांतले आवडते वाक्य त्या कसोटीला उतरत नाही. ‘आपले प्राधिकारपत्र चौकशीअंती रद्द का करू नये आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित का करू नये’ असे लिहावे.

तातडी असेल, म्हणजे धान्याने भरलेला टेम्पो पकडला गेला आहे किंवा दप्तर गायब होऊ लागले आहे, तर आधी आदेश काढून लगेच नंतर ऐकून घेता येते. लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आयात परवान्यांवरील अंतरिम कारवाईच्या संदर्भात असा मार्ग मान्य केला, मात्र नंतरची सुनावणी खरोखर व्हावी या अटीवर. त्यामुळे अशा आदेशात सुनावणीचा दिनांक आणि वेळ त्याच कागदावर छापलेली असावी. ‘यथावकाश सुनावणी घेण्यात येईल’ हे शब्द दिसले की अपिलीय अधिकारी भुवया उंचावतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आदेश कसा लिहावा

आदेशातले प्रत्येक वाक्य संशयाच्या भाषेत असावे. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात तूट खरोखर मोठी होती, पंचनामा नीट होता, परंतु निलंबनाच्या आदेशातच ‘दुकानदाराने धान्याचा काळाबाजार केल्याचे सिद्ध झाले आहे’ असे वाक्य होते. चौकशी सुरू होण्याआधीच निर्णय झाला होता असे म्हणण्याची सोय त्या एका वाक्याने करून दिली, आणि दोन महिन्यांचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ‘प्रथमदर्शनी दिसून येते’, ‘खुलासा आवश्यक आहे’, ‘चौकशीच्या अधीन राहून’ असे शब्द इथे वापरावेत. ते बोटचेपे नाहीत; त्या टप्प्यावर तेच अचूक आहेत. आदेशाचा मुख्य भाग नमुन्यादाखल असा लिहिता येईल :

‘दिनांक … रोजी दोन पंचांसमक्ष केलेल्या तपासणीत ई-पॉस नोंदीनुसार गहू ४२.५० क्विंटल शिल्लक असणे अपेक्षित असताना, बारदानाचे वजन वजा जाता प्रत्यक्षात ३१.१० क्विंटल गहू आढळला. ११.४० क्विंटल तुटीचा समाधानकारक खुलासा तपासणीच्या वेळी देण्यात आला नाही. जबाब दिलेल्या १९ कार्डधारकांपैकी ११ जणांनी मागील महिन्याचे धान्य मिळाले नसल्याचे सांगितले असून त्यांच्या नावे उचलीची नोंद आहे. या बाबी प्रथमदर्शनी गंभीर असून चौकशीच्या काळात साठा व दप्तर सुरक्षित राहणे आवश्यक आहे. सबब सदर प्राधिकारपत्र चौकशी पूर्ण होईपर्यंत किंवा दिनांक … पर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, निलंबित करण्यात येत आहे. हा आदेश दोषनिश्चिती नाही.’

शेवटची दोन वाक्ये गाळू नयेत. मुदत नसलेले निलंबन वर्षानुवर्षे चालते, शेजारच्या दुकानदाराला जोडून दिलेल्या कार्डांची सवय होते, आणि रद्द न करताच रद्द केल्याचा परिणाम साधला जातो. काहींना ते सोयीचे वाटते. मला तो कर्तव्यात केलेला कसूर वाटतो. आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रात घालून तो वाचवता येत नाही, हे मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून, म्हणजे १९७८ पासून, ठरलेले आहे. म्हणून जी कारणे आहेत ती सगळी आदेशातच लिहावीत, आणि ज्यांचा आधार हाती नाही ती लिहू नयेत. पंचनामा, ई-पॉस उतारे आणि जबाब यांच्या प्रती आदेशासोबत जोडाव्यात. अपील कोणाकडे करायचे, तेही लिहावे.

त्याच दिवशी धान्याची सोय

निलंबन वा रद्द झाल्यास पात्र कुटुंबांचे धान्य खंडित होऊ नये म्हणून पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी २०१५ च्या नियंत्रण आदेशाने अधिकाऱ्यावर टाकली आहे. जवळचे दुकान निवडताना नकाशावरचे अंतर पाहू नये. पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो का, एसटी आहे का, आणि त्या दुकानदाराकडे अधिकचा साठा ठेवायला जागा आहे का, हे पाहावे. कार्डे ऑनलाइन प्रणालीत नव्या दुकानाला जोडून नियतन (दुकानाला ठरवून दिलेले धान्य) वळवले गेल्याची खात्री करूनच आदेश बजावावा, नाहीतर नव्या दुकानाच्या यंत्रावर धान्यच दिसत नाही आणि लोक दोन्हीकडून परत जातात. पोर्टेबिलिटीमुळे कार्डधारक कुठूनही धान्य घेऊ शकतो हे खरे. पण सत्तर वर्षांच्या एकट्या बाईला ‘कुठूनही घ्या’ असे सांगणे ही सोय नव्हे. निलंबित दुकानातील शिल्लक साठा वजन करून, पंचनामा करून नव्या दुकानात हलवावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावावी आणि दवंडी द्यावी. त्या सूचनेत दुकान ‘चौकशीसाठी तात्पुरते बंद’ असल्याचे लिहावे, दुकानदाराच्या कथित प्रतापांचे वर्णन करू नये. हक्काचे धान्य मिळालेच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे, याचाही विसर पडू नये.

चौकशी आणि फौजदारी बाजू

ज्याने छापा टाकला त्यानेच चौकशी करू नये. तो त्या प्रकरणात साक्षीदार असतो. तालुक्यात दुसरा निरीक्षण अधिकारी नसेल तर शेजारच्या तालुक्यातला मागवावा. दुकानदाराला जबाब देणाऱ्यांना प्रश्न विचारण्याची मागणी करता येते. ती मान्य केली किंवा नाकारली, कसेही असले तरी कारण लिहून ठेवावे. अंतिम आदेशात प्रत्येक आरोप, त्यावरचा खुलासा आणि खुलासा का पटला किंवा का पटला नाही, हे तिन्ही असावे. ‘खुलासा असमाधानकारक आहे’ हे एक वाक्य म्हणजे कारणमीमांसा होत नाही.

अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ७ खाली गुन्हा नोंदवणे, आणि कलम ६-अ खाली जप्त माल जिल्हाधिकाऱ्यांकडून सरकारजमा होणे, हे दोन्ही मार्ग निलंबनाहून वेगळे आहेत. सरकारजमा करण्यापूर्वी कलम ६-ब ची नोटीस द्यावीच लागते. पोलिसांकडे प्रकरण गेले म्हणून विभागीय चौकशी बासनात बांधून ठेवू नये. खटल्यात ई-पॉसचे उतारे द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते, ते उतारे काढतानाच घेऊन ठेवावे.

दुकानदाराने काय करावे

नोटीस घेण्याचे टाळू नये. दारावर चिकटवलेली नोटीसही बजावलेली ठरते. खुलासा आरोपाच्या क्रमानेच द्यावा आणि प्रत्येक मुद्द्याला कागद जोडावा : गोदामातून मिळालेल्या धान्याच्या पावत्या, वाहतूकदाराने कमी वजन दिल्याबद्दल त्या वेळी केलेली लेखी तक्रार, यंत्र बंद असल्याच्या नोंदी. कमी धान्य मिळाल्याची तक्रार त्या दिवशी केली नसेल आणि आता तेच कारण सांगितले जात असेल तर ते कोणी मानत नाही. म्हणून आज ज्यांच्यावर काहीही आरोप नाही त्या दुकानदारांनीही प्रत्येक गाडी वजन करूनच उतरवून घ्यावी. प्रती मिळाल्या नसतील तर लेखी मागाव्यात, त्या मिळेपर्यंत मुदतवाढ मागावी, आणि तरीही मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा. अपील जिल्ह्यात उपायुक्त, पुरवठा यांच्याकडे जाते आणि त्यानंतर राज्य शासनाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा, कारण नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही. जबाब देणाऱ्या कार्डधारकांच्या घरी जाऊन ‘समजावणे’ मात्र कटाक्षाने टाळावे. कित्येक प्रकरणांत मूळ तुटीपेक्षा त्या एका भेटीने दुकानदाराचे अधिक नुकसान केले आहे.

चौकशीत आरोप टिकले नाहीत तर दुकान पूर्ववत करण्याचा आदेशही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहावा. ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडले, की आरोपच खोटा ठरला, यांपैकी काय झाले हे त्यातून वाचणाऱ्याला कळले पाहिजे. कार्डे परत जोडण्याची आणि दुकानाचे लॉगिन सुरू करण्याची कार्यवाही, पुढील महिन्याचे नियतन ठरण्यापूर्वी पूर्ण होईल असा दिनांक आदेशातच टाकावा. तो दिनांक चुकला तर दुकान उघडते, पण त्यात धान्य नसते. आणि ज्या फलकावर दुकान बंद झाल्याची सूचना लागली होती त्याच फलकावर ते पुन्हा सुरू झाल्याची सूचना लावून तिचे छायाचित्र धारिकेत ठेवावे.